प्रसादाचं ताट आणि हजेरीचं रजिस्टर

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात:

मी अडतीस वर्षांची, मूळची अहिल्यानगर जिल्ह्यातली. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. लग्नानंतर पुण्याजवळ आले. इथल्या एका कारखान्यात हिशेब आणि हजेरीचं काम बघते. वर्षभरापासून एका घरसभेला, म्हणजे कुणाच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, जाते. पूर्वी बायबल नुसतं कपाटात असायचं, आता रोज वाचते. पण तिथले पुढारी म्हणतात, विश्वास रोजच्या जगण्यात दिसला पाहिजे. प्रसाद घ्यायचा नाही, दिवाळीचा फराळ नको, खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तिथे उभंही राहायचं नाही. परवा शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा प्रसाद आणला, तो मी दारातूनच परत पाठवला. दहा वर्षांचा शेजार, आता त्या बोलत नाहीत. नवऱ्याला हे पटत नाही. आठ वर्षांची मुलगी विचारते, प्रसाद खाल्ला तर येशू रागावतो का? कारखान्यात तर माझी फारच ओढाताण होते. तिथे पॅकिंगच्या बायका बारा-बारा तास थांबतात, त्यांची हजेरी आठच तासांची लिहावी लागते, जादा तासांचे पैसे साध्या दरानं रोख देतात. ते असो, सगळीकडे तसंच चालतं. मला एवढंच सांगा, ख्रिस्ती माणसानं रोज कसं जगावं? कुठे ठाम राहावं?

प्रिय ताई, सलाम.

विश्वास रविवारच्या उपासनेपुरता ठेवायचा नाही, तो स्वयंपाकघरात, जिन्यात, कामाच्या टेबलावर दिसला पाहिजे, ही ओढ तुम्हाला लागली आहे, याचा मला फार आनंद झाला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती घरांत ती हळूहळू विझून जाते. आडनाव, नाताळ आणि कबरस्तानातली जागा एवढंच उरतं. घरसभेनं बायबल पुन्हा तुमच्या हातात दिलं, त्याबद्दल त्या मंडळींचे उपकार माना. काही बाबतीत माझं त्यांच्याशी जमणार नाही, पण हे उपकार खरेच आहेत.

तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर आधी देते.

प्रसादाचा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं शहर, जागोजागी देवळं. बाजारात येणारं बरंचसं मांस देवळात बळी दिलेल्या जनावराचं असे. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना कळेना, हे खावं की नाही. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानं सुमारे इ. स. 55 मध्ये त्यांना जे पत्र लिहिलं (बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र), त्याचे आठवा आणि दहावा हे अध्याय याच वादावर आहेत. तुमच्या सभेत बहुधा दहाव्या अध्यायातली विसावी-एकविसावी वचनं वाचली गेली असणार: प्रभूचा प्याला आणि भुतांचा प्याला, दोन्ही पिता येत नाहीत. वचन कडक आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. पण तिथे पुस्तक मिटू नका. लगेच पंचविसाव्या वचनापासून पौल सांगतो, बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा. विश्वास न ठेवणाऱ्या कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर जा, पुढ्यात वाढलेलं खा. मात्र हा नैवेद्य आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं, तर खाऊ नका. का? पौल म्हणतो, ज्यानं सांगितलं त्याच्या मनासाठी.

म्हणजे देवळातल्या पूजेत सहभागी होणं त्याला मान्य नाही, शेजाऱ्याच्या घरी जेवायला मोकळीक आहे, आणि मधल्या अवघड जागी तो विचारतो की माझ्या वागण्यानं समोरच्या माणसाचं काय होईल. आठव्या अध्यायाची सुरुवातच अशी आहे की ज्ञानानं माणूस फुगतो, प्रीतीनं उभारणी होते.

माझं मत विचाराल, तर दिवाळीचा फराळ हा फराळ आहे, तो निःशंक मनानं खा. आपल्या घरी नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात आणि ताटं शेजारीपाजारी जातात. आपली ताटं त्यांनी घ्यावीत आणि त्यांची आपण परत पाठवावीत, हे मला न्यायाचं वाटत नाही. प्रसादाच्या बाबतीत मात्र सगळ्या ख्रिस्ती घरांची रीत एक नाही. काही घेतात आणि खातात, काही खात नाहीत, आणि दोन्हीकडे मनापासून प्रार्थना करणारी माणसं मी पाहिली आहेत. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात याला जागा आहे: खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. तुमचं मन साशंक असेल तर खाऊ नका. त्याच अध्यायाचा शेवट सांगतो की शंका मनात ठेवून खाणं बरोबर नाही. पण न खाण्याची जागा घराचा उंबरठा नव्हे. काकूंना आत घ्या, बसवा, आणि सरळ सांगा, ‘काकू, माझ्या श्रद्धेमुळे मी हे खात नाही, पण तुम्ही आठवणीनं आणलंत, याचं मला मोल आहे. चहा टाकते, बसा.’ खोटं काही बोलावं लागत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही.

आणि ताई, काकूंकडे जा. या आठवड्यातच जा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणलं असताना आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून ये. श्रद्धेबद्दल माफी मागायची नाही. दारातून परत पाठवलं, एवढ्याबद्दल मागायची.

खंडेनवमीसाठी राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला पाचवा अध्याय वाचा. अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाला आणि यापुढे परमेश्वराशिवाय कुणाला यज्ञ करणार नाही म्हणाला. पण त्याची एक अडचण होती. त्याचा राजा रिम्मोन या अरामी देवाच्या देवळात याच्याच हाताचा आधार घेऊन नमन करी, त्यामुळे यालाही वाकावं लागे. एवढी एक क्षमा असावी, असं त्यानं अलीशा या संदेष्ट्याला विनवलं. अलीशानं त्याला व्याख्यान दिलं नाही, ‘शांतीनं जा’ म्हणाला. कारखान्यात यंत्रांना हार घालतात तेव्हा तुम्ही सहकाऱ्यांबरोबर मागे आदरानं उभ्या राहिलात, आरती म्हटली नाही, पेढ्यांचं वाटप करायला मदत केली, तर तुमचं ख्रिस्तीपण कमी होत नाही. कुणाला तेवढंही जड जात असेल, तर तिनं आधीच वरिष्ठांना सांगून त्या वेळी दुसरं काम मागून घ्यावं. ऐन वेळी तोंड फिरवून जाऊ नये.

मुलीला सांगा, नाही बाळा, येशू रागावत नाही. आपण प्रार्थना फक्त त्याला करतो, आणि काकू आपल्याला आवडतात, दोन्ही खरं आहे. आठ वर्षांच्या मुलीला एवढं समजतं. तिच्या मनात येशूचं पहिलं चित्र रागावणाऱ्या माणसाचं बसू देऊ नका. ते बसलं की पुढे पुसायला फार वर्षं जातात.

हे सगळं मी मनापासून लिहिलं, तरी तुमचं पत्र वाचताना मी खरी अडखळले ती ‘ते असो’पाशी.

प्रसाद, फराळ, पूजा यांवर तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत. पॅकिंगच्या बायकांवर दोन ओळी. त्याही ओढाताणीच्या यादीत, जाता जाता. तुमच्या घरसभेतही वर्षभरात या रजिस्टरचा विषय निघाला नसावा, असं पत्रावरून वाटतं. रोजचं ख्रिस्ती जगणं म्हणजे काय घ्यायचं नाही, कुठे उभं राहायचं नाही, याची यादी, अशी समजूत तुमच्या मनात बसली आहे. तीच मला तपासून बघावीशी वाटते. कारण तुम्ही रोज आठ तास जे काम करता, तेच तुमच्या विश्वासातून वगळलं गेलं आहे.

आधी त्या रजिस्टरात काय घडतं ते नीट पाहू. कारखान्यातल्या जादा तासांना दुप्पट दरानं मजुरी द्यायची, हे आपल्या देशात 1948 च्या कारखाने अधिनियमापासून ठरलेलं आहे. समजा एका बाईला तासाला 60 रुपये पडतात. चार जादा तासांचे दुपटीनं 480 झाले, तिच्या हातात 240 आले. महिन्याचे 25 दिवस धरले, तर 6,000 रुपये तिच्या घरातून गेले. ते मुलाच्या क्लासची फी असतील, गॅसचं सिलिंडर असेल, सासूचं औषध असेल. जादा तासांना कायद्यानं मर्यादाही आहे, म्हणूनच ते कागदावर आणत नाहीत. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? अकराव्या तासाला, थकलेल्या हातांनी काम करताना एखादीचं बोट यंत्रात सापडलं, तर कागदावर ती तीन तासांपूर्वी घरी गेलेली असते. भरपाई मागायला ती गेली, की तुमच्या अक्षरातलं रजिस्टर तिच्याविरुद्ध उभं राहतं. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही दहा आज्ञांतली आज्ञा आपण शब्बाथशाळेत पाठ केली. ती जिथे मोडते आहे ती जागा हीच.

शास्त्रात मजुरीबद्दल जेवढं बोलणं आहे, तेवढं फराळाबद्दल नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्या, त्याचं सगळं लक्ष तिच्याकडे लागलेलं असतं. यिर्मया संदेष्टा त्या माणसाचा धिक्कार करतो, जो शेजाऱ्याकडून फुकट काम करून घेऊन आपलं घर बांधतो. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. आणि यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय! लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला, देवा, तू पाहिलं का नाहीस? देव म्हणतो, उपासाच्या दिवशीच तुम्ही तुमच्या कामकऱ्यांना राबवून घेता. हा अध्याय तुमच्या पुढच्या उपास-प्रार्थनेच्या दिवशी सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचावा, असं मला वाटतं.

तुमच्यावर दोष टाकण्यासाठी मी हे लिहीत नाही. कारखाना तुमचा नाही, निर्णय तुमचा नाही, नफा तुमच्या पदरात पडत नाही. मोठा दोष मालकाचा. पण लेखणी तुमच्या हातात आहे, आणि ‘सगळीकडे तसंच चालतं’ हे वाक्य तुम्हाला शांत झोप देत नाही, नाहीतर तुम्ही ते पत्रात लिहिलंच नसतं.

मग काय करायचं? राजीनामा? एवढ्या घाईनं नको. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे येऊन हाच प्रश्न विचारतात, आम्ही काय करावं? दोन्ही नोकऱ्या बदनाम, दोन्ही लाचखोरीच्या. योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही. ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, कुणावर जुलूम करू नका, आपल्या पगारात राहा, म्हणतो. आहे त्या टेबलावर खरं काम करा, एवढंच. ते काही वेळा नोकरी सोडण्यापेक्षा अवघड असतं.

पहिलं काम घरात. नवऱ्यासमोर हा विषय मांडा. प्रसादावरून तुमचं त्यांच्याशी बिनसलंय, पण या गोष्टीत ते तुमच्या बाजूनं उभे राहतील अशी शक्यता बरीच आहे. तुमचा पगार थांबला तर घर किती महिने चालेल, कोणते हप्ते आहेत, हे दोघं मिळून कागदावर लिहा. धैर्य त्या आकड्यांवर बरंच अवलंबून असतं आणि त्यात कमीपणा काही नाही. आजपासून दरमहा थोडी रक्कम त्यासाठी बाजूला काढा आणि दुसऱ्या कामाची चौकशी आत्ताच, शांतपणे सुरू करा.

दुसरं, मॅनेजरशी एकांतात बोला, चारचौघांत नको, आणि बायबलच्या भाषेत नको. ‘सर, गेटवरची वेळ आणि मस्टर जुळत नाही. उद्या तपासणी आली किंवा कुणाला इजा झाली, तर कंपनी अडकेल आणि अक्षर माझं आहे. पुढच्या महिन्यापासून खरे तास लिहू द्या, दुपटीचा हिशेब किती येतो तो मी मांडून देते.’ असा हिशेब हातात असला की बोलणं वादावर जात नाही. पुष्कळ मॅनेजरांना नेमका धोका कुणी दाखवलेला नसतो. कधी तोडगा निघतो, एक जादा पाळी, चार जादा बायका, थोडे कमी तास.

तिसरं, आणि इथे फार जपून. त्या बायकांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावानं लढा उभारू नका. त्यांतल्या कित्येकींना ते जादा तास हवे आहेत. ते बंद झाले तर त्यांचं आणखी नुकसान, आणि बोलल्याचं खापर त्यांच्यावर फुटलं तर नोकरीच जाईल. डबा खाताना त्यांच्यात बसा, आधी ऐका. जादा कामाला दुप्पट दर असतो हे त्यांच्यापैकी किती जणींना माहीत आहे, एवढं कळलं तरी पुढचा रस्ता दिसेल.

मॅनेजरनं झिडकारलं, तर हजेरीचं काम दुसऱ्याकडे द्या, मी फक्त हिशेब बघते, असं लेखी मागा. कंपनीचे कागद घरी आणू नका, त्यांचे फोटो काढून पाठवू नका. कधी काय बोलणं झालं याची स्वतःची तारीखवार टिपणं मात्र ठेवा. कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा कामगार संघटनेच्या जाणत्या माणसाला भेटा. तक्रारीचे रस्ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहेत, पण त्या रस्त्यावर एकटीनं आणि तयारीशिवाय पाऊल टाकू नका. हे सगळं करायला सहा महिने लागले तरी चालेल. देव तुमच्याकडे एका रात्रीत हौतात्म्य मागत नाही. फक्त ‘ते असो’ म्हणून पान उलटू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

तुम्ही म्हणाल, घरसभेत याला जगिक, म्हणजे ऐहिक, गोष्ट म्हणतील. त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण द्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणलं. तिथल्या मुक्ती सदनात प्रार्थना अखंड चाले, आणि त्याच आवारात विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, तेलाचा घाणा चालला, छापखाना चालला. मुली हातांना काम शिकल्या आणि त्याच छापखान्यात रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर छापलं गेलं. गुडघे टेकणं आणि पोटाला भाकर मिळवून देणं यांत रमाबाईंना कधी भिंत दिसली नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची गाणी अभंगांच्या, ओवीच्या चालीवर रचली. ती आपण आजही टाळ-मृदंगावर म्हणतो. आपल्याकडचा विश्वास शेजाऱ्यांपासून दार लावून घेत वाढलेला नाही.

तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात, म्हणून थोडं इतरांसाठीही. आपल्याच घरात बघा. धुणं-भांडी करणाऱ्या ताईंना रविवारची सुट्टी आहे का? शब्बाथाच्या आज्ञेत घरच्या दासदासींचा विसावाही लिहिलेला आहे, आणि आपण उपासनेहून येऊन त्यांनी घासलेल्या ताटात जेवतो. मुलामुलीचं स्थळ बघताना ‘मूळचे कोण’ ही चौकशी अजून किती ख्रिस्ती घरांत होते? दुकान असेल तर तराजू, भाड्यानं खोली देत असाल तर अनामत परत करण्याची वेळ, शिकवणी घेत असाल तर फी न भरू शकणाऱ्या मुलाशी बोलण्याची रीत. जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या घरी येशू गेला, तेव्हा जक्कयानं उभं राहून हिशेब मांडला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत. तारण या घरी आलं आहे, असं प्रभू त्यानंतर म्हणाला.

एक शेवटचं, घरसभेबद्दल. ती सोडू नका, निदान लगेच नाही. पुढच्या सभेत प्रार्थनेचे विषय विचारतील, तेव्हा नाव-गाव न घेता हा विषय ठेवा: माझ्या हातून कामगारांचे तास खोटे लिहिले जातात, ते थांबावं म्हणून प्रार्थना करा. त्या खोलीत आणखी दोघं-तिघं तरी असतील ज्यांच्या टेबलावर असंच काही पडलेलं आहे, कुणाचं बिल, कुणाचा दाखला. पुढाऱ्यांनी तुमचं ऐकून घेतलं, तर त्यांच्यातल्या एखाद्या अनुभवी माणसाला मॅनेजरकडे जाण्याआधी सल्ल्याला बरोबर घ्या. त्यांनी विषय झटकला, तर तुमच्या मंडळीच्या पाळकांना भेटा. आणि महिनाअखेरचं मस्टर बंद व्हायच्या आत, म्हणजे पंचवीस तारखेच्या अलीकडे, मॅनेजरची वेळ मागून ठेवा.